तो जड स्कोप आधी उतरवा, गुरुजी

पत्र: “चिपळूणजवळच्या एका गावात राहतो. वय ६१, मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. घरी ४.५ मिलिमीटरची, नळी मोडून छर्रा भरायची स्प्रिंगची एअर रायफल आहे. वाडीत पंधरा ते पंचवीस मीटरवर डबे आणि कागदी टार्गेट मारतो, तेवढाच विरंगुळा. दोन वर्षांपासून नेम धरायची मागची खाच आणि पुढची माशी धूसर दिसू लागली, म्हणून ६-२४×५० चा स्कोप बसवला, म्हणजे सहा ते चोवीस पट मोठं दाखवणारी, ५० मिलिमीटर काचेची नेमाची दुर्बीण. किराणा दुकानातल्या काट्यावर माउंटसकट, म्हणजे तो बंदुकीवर पकडणाऱ्या चिमट्यासकट, ८९० ग्रॅम भरला. बंदूक उचलली की डोकं जड झाल्यासारखी एका बाजूला कलंडते, आणि नेम रोज बदलतो. आज झिरो केला, म्हणजे छर्रा फुलीवरच लागेल असं जुळवलं, तर परवा छर्रे तीन बोटं डावीकडे. चित्र मात्र स्वच्छ दिसतं, दहा मीटरवरचंही. आता हलका आणि चांगल्या प्रतीचा स्कोप घ्यायचा आहे, बारा हजारांपर्यंत. कोणता घ्यावा? सातवीतली नात शाळेतर्फे एअर रायफल खेळायचं म्हणते आहे. तिलाही त्याचा उपयोग होईल का?”

गुरुजी, सादर नमस्कार.

तुमचं पत्र वाचताना किराणा दुकानातल्या काट्याशी थांबलो. स्कोप घेताना सगळे जण तो किती पट मोठं दाखवतो ते विचारतात, वजन कुणी विचारत नाही. तुम्ही ते करून पाहिलंत, त्यामुळे माझं निम्मं काम झालं आहे. तुमचा नेम रोज हलतो त्यात तुमच्या हाताचा दोष नाही. ८९० ग्रॅम आणि स्प्रिंग यांचं जमत नाही, एवढंच कारण आहे.

चाप ओढला की आत काय होतं ते बघा. स्प्रिंग सुटते, पिस्टन पुढे धावतो आणि बंदूक मागे सरकते. मग पिस्टन सिलिंडरच्या टोकाशी दाबल्या गेलेल्या हवेवर आदळून थांबतो आणि बंदूक पुढे झटका खाते. आधी मागे, लगेच पुढे, पापणी लवायच्या आत दोन्ही. काडतुसाच्या बंदुकीचा धक्का फक्त मागे येतो, आणि तिच्यासाठी केलेल्या स्कोपातल्या काचा तोच धक्का सोसतील अशा बसवलेल्या असतात. पुढचा झटका त्यांच्या हिशोबात नसतो. म्हणून मोठ्या रायफलवर वर्षानुवर्षं टिकणारा स्कोप छऱ्याच्या बंदुकीवर महिन्याभरात मोडू शकतो. लोकांना ते खरं वाटत नाही. मलाही वाटलं नव्हतं. वीसेक वर्षांपूर्वी मी एका दुकानातून ३-९×४० घेतला होता, ‘कुठल्याही बंदुकीला चालतो’ असं सांगून दिलेला. दोनेकशे छर्रे झाले असतील. एका सकाळी डोळा लावला तर उभी रेघ तिरकी दिसली. मी बंदूकच वाकडी धरली असेन म्हणून पुन्हा धरली, तरी तिरकीच. स्कोप काढून कानाशी हलवला, आत काहीतरी टिकटिकत होतं. दुकानदारानं तो परत घेतला नाही. माझे तेव्हाच्या पगारातले पैसे गेले. तुमचे पुन्हा जाऊ नयेत म्हणून एवढं सविस्तर लिहितो आहे.

आता वजनाबद्दल. हलका स्कोप म्हणजे फक्त हाताला सुख नाही. स्प्रिंगच्या बंदुकीवर बंदूक झटक्यानं सरकते, स्कोप मात्र जागचा हलायला तयार नसतो, आणि जितका जड तितका कमी तयार. मधल्या माउंटच्या चिमट्यावर तो सगळा ताण येतो. दर फैरीला केसभर सरकतो, पन्नास फैरींत दिसण्याइतका सरकतो. तुमचे तीन बोटांचे छर्रे बहुतेक याचेच, किंवा आतली नेमाची फुली, म्हणजे क्रॉसहेअर, सैल झाली आहे. दोन्हीचं मूळ एकच. हलका स्कोप माउंटला कमी ओढतो, म्हणून झिरो धरून ठेवतो.

दुसरी गोष्ट उंचीची. ५० मिलिमीटरची पुढची काच नळीला टेकू नये म्हणून माउंट उंच घ्यावे लागतात. मग गाल दस्त्यावर टेकत नाही, हनुवटी टेकते, आणि मान दर वेळी वेगळ्या जागी जाते. ३२ मिलिमीटरच्या काचेला बुटके माउंट पुरतात. गाल नेहमीच्या जागी बसतो, वजन नळीच्या जवळ राहतं आणि बंदूक कलंडायची थांबते.

तेव्हा माझं उत्तर असं: एकाच मॅग्निफिकेशनचा ४×३२, पुढच्या काचेवर अंतर जुळवायची फिरती कडी असलेला, आणि पेटीवर किंवा कंपनीच्या माहितीत ‘स्प्रिंग एअर रायफलसाठी’ असं स्पष्ट लिहिलेला. ती कडी निदान दहा मीटरपर्यंत खाली यायला हवी. स्कोप चारशे ग्रॅमच्या आत, माउंटसकट पाचशेच्या आसपास. आत्ताच्या जवळजवळ निम्मं.

चारपट तुम्हाला कमी वाटेल हे मला माहीत आहे. चोवीसपटीवरून चारपटीवर येणं म्हणजे उतरणं वाटतं. पण हिशोब करा. वीस मीटरवरचा डबा चारपटीत पाच मीटरवर ठेवल्यासारखा दिसतो. पाच मीटरवरून डब्यावरचं नाव वाचता येतं, एवढं पुरेसं आहे. चोवीसपटीत तोच डबा हाताच्या अंतरावर येतो, आणि त्याबरोबर तुमचा श्वास, नाडी आणि हाताचा प्रत्येक कंपही चोवीसपट होऊन येतो. फुली डब्यावर थांबतच नाही, माणूस घाईनं चाप झटकतो आणि छर्रा भलतीकडे जातो. कितीतरी नवशिक्यांचा हात मी निव्वळ मॅग्निफिकेशन खाली आणून स्थिर झालेला पाहिला आहे.

शिवाय उजेड. पुढच्या काचेचा व्यास मॅग्निफिकेशननं भागला की डोळ्यापाशी येणाऱ्या उजेडाच्या वर्तुळाचा व्यास मिळतो. ५० भागिले २४ म्हणजे जेमतेम २ मिलिमीटर. ३२ भागिले ४ म्हणजे ८. पोफळीच्या सावलीत, सकाळी सातला, हा फरक तुम्हाला लगेच जाणवेल. मोठ्या वर्तुळात डोळा थोडा इकडेतिकडे झाला तरी चित्र काळं पडत नाही. चष्मा लावून नेम धरणाऱ्याला ही फार मोठी सोय आहे.

एक मॅग्निफिकेशन म्हणजे आत हलणारे भाग कमी, काचा कमी, म्हणून त्याच किमतीत जास्त दणकट आणि हलका. दुकानात मागाल तर ‘हे जुनं झालं’ म्हणून ३-९ पुढे करतील. खरंच बदलतं हवं असेल तर २-७×३२ बघा, पण कडी जवळच्या अंतराची हवीच. हॉक या ब्रिटिश कंपनीच्या व्हँटेज मालिकेत ४×३२ आणि २-७×३२ दोन्ही कडीसकट आहेत. त्यांपासून शोध सुरू करा, किंमत दोन-तीन ठिकाणी विचारा, आणि अधिकृत विक्रेत्याचं बिल घेतल्याशिवाय पैसे देऊ नका, कारण नामांकित स्कोपच्या हुबेहूब नकला बाजारात फिरतात. अमेरिकेच्या ल्युपोल्डचा जवळच्या अंतराचा ३-९ उत्तम आहे, पण तुमच्या बारा हजारांत बसणार नाही. बग बस्टर म्हणून मिळणारा वीतभर लांबीचा स्कोप पाहिलात तर एक लक्षात ठेवा: छोटा आहे म्हणजे हलका आहे असं नाही. हातात घ्या आणि पुन्हा काट्यावर ठेवा.

३० मिलिमीटरची जाड नळी, बॅटरीवर लागणारी लाल फुली, बाजूचं मोठं चाक यांवर एक पैसाही घालू नका. प्रत्येकानं वजन वाढतं. जाड नळीनं उजेड वाढतो हा समज चुकीचा आहे. विचारायचं तर हे विचारा: क्रॉसहेअर तारेचा आहे की काचेवर कोरलेला? कोरलेला असेल तर धक्क्यानं तुटायला तार नसते.

अंतराच्या कडीवर मी इतका का अडलो आहे, तेही सांगतो. स्कोपात फुली आणि डब्याचं चित्र एकाच पातळीवर यायला हवं. नाही आलं तर डोळा हलवला की फुली डब्यावरून सरकते, बंदूक जागची हलली नसतानाही. यालाच पॅरॅलॅक्स म्हणतात. काडतुसाच्या रायफलचे बहुतेक स्कोप १०० यार्डांना जुळवलेले असतात. ४० मिलिमीटर काचेचा असा स्कोप १० यार्डांवर वापरला आणि डोळा कडेला गेला, तर चूक १८ मिलिमीटरपर्यंत जाऊ शकते. वीस मीटरवरही ती सेंटीमीटरच्या पुढे राहते. तुम्ही दोष बंदुकीला देणार, छऱ्याला देणार, शेवटी स्वतःच्या वयाला देणार. कडीनं अंतर जुळवलं की ही चूक निघून जाते.

हे दुकानातच तपासता येतं. दोन छोट्या तांदळाच्या पिशव्या बरोबर न्या. लाजू नका, मी अजून नेतो. काउंटरवर पिशव्यांमध्ये स्कोप रुतवा, दहा-बारा पावलांवरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोखा आणि कडी फिरवून तिथीचा बारीक मजकूर वाचता येईल असा करा. मग स्कोपला हात न लावता डोकं वर-खाली, डावी-उजवीकडे हलवा. फुली त्या अक्षरावर चिकटून राहिली तर घ्या. अक्षरावरून पोहत गेली तर पेटी बंद करून परत द्या. नंतर चित्राच्या कडेला बघा, तिथे अक्षरांभोवती जांभळी-पिवळी झालर दिसते का. थोडी असते, पण वाचणं अवघड होण्याइतकी असेल तर काच हलक्या प्रतीची आहे. टरेट, म्हणजे नेम वर-खाली आणि डावी-उजवीकडे सरकवायची बटणं, फिरवा, प्रत्येक क्लिक बोटाला वेगळं लागलं पाहिजे. रबरासारखं घसरतं असेल तर नको.

तुमच्या डोळ्यांबद्दल दोन शब्द, कारण खरी गरज तिथूनच निघाली आहे. उघड्या साइटमध्ये डोळ्याला तीन ठिकाणी बघावं लागतं: जवळची खाच, पुढची माशी आणि लांबचा डबा. चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग ताठ होतं आणि जवळचं सोडून देतं. स्कोप ही तिन्ही ठिकाणं एकावर आणतो, म्हणून तुमचा निर्णय योग्यच होता. फक्त मागची आयपीस तुमच्या डोळ्याला जुळवून घ्या. स्कोप मोकळ्या आकाशाकडे धरा, सूर्याकडे चुकूनही नको. दोन-तीन सेकंदच बघा, फुली काळी आणि कडक दिसते का पाहा, डोळा काढा, आयपीस थोडी फिरवा, पुन्हा बघा. टक लावून बघत राहिलात तर डोळा आपलं आपण जुळवून घेतो आणि चुकीचं बरोबर वाटायला लागतं. प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर नेमाच्या वेळी फक्त लांबचा, साधा नंबर वापरा. गाल टेकवला की आपण काचेच्या वेगळ्याच भागातून बघतो.

माउंटवर कंजुषी करू नका. बारा हजारांपैकी दीड-दोन हजार त्यासाठी बाजूला ठेवा. तुमच्या बंदुकीवरची माउंट पकडायची खाच (नेमाची नव्हे) बहुधा ११ मिलिमीटरची, डोव्हटेल म्हणतात ती असेल, पण आपल्याकडच्या बंदुकांत थोडा फरक सापडतो, म्हणून बंदुकीचं माप घेऊन जा. एकसंध माउंट घ्या, आणि खाली रोधक खिळा असलेला, म्हणजे तो बंदुकीच्या भोकात किंवा खाचेच्या टोकाला अडेल. खाच आणि माउंट दोन्ही स्पिरिटनं पुसा, तेलाचा अंश राहता कामा नये. स्क्रू फुलीच्या क्रमानं, अर्धा-अर्धा फेरा. अ‍ॅलन की आखूड बाजूनं धरा. लांब बाजूनं आवळलंत तर नळीवर वळ उठतात आणि आतली हालचाल जखडते. सगळं झालं की नातीकडून नेलपॉलिश मागून घ्या आणि रिंग व नळी यांच्या सांध्यावर एक टिपका लावा, दुसरा माउंट आणि बंदूक यांच्यामध्ये. पन्नास छऱ्यांनी बघा. टिपका फुटून दोन अर्धे वेगळे झाले, तर काय सरकतंय ते तुम्हाला त्याच क्षणी कळेल.

नळी मोडायच्या बंदुकांची नळी किंचित खाली झुकलेली असू शकते. मग वरचा टरेट जवळजवळ संपेपर्यंत फिरवावा लागतो, आणि तिथे आतली स्प्रिंग सैल पडून झिरो भटकतो. असं झालं तर मागच्या रिंगखाली जुन्या कॅमेऱ्याच्या निगेटिव्हचा एक तुकडा घाला, टरेट मधल्या भागात येईल. दोन तुकड्यांहून जास्त लागले तर त्यासाठीच मिळणारा उतरता माउंट घ्या.

झिरो दहा मीटरवर सुरू करा, मग वीसवर पक्का करा. पाच छर्रे मारा, त्यांच्या घोळक्याचा मध्य शोधा आणि मगच क्लिक फिरवा. एका छऱ्यावर कधीच नाही. क्लिक बहुतेक पाव मिनिटाचा असतो (मिनिट कोनाचं, वेळेचं नव्हे): १०० यार्डांवर अंदाजे ७ मिलिमीटर, वीस मीटरवर जेमतेम दीड. म्हणजे घोळका तीन सेंटीमीटर डावीकडे असेल तर साधारण वीस क्लिक उजवीकडे. लोक पाच-सहा क्लिक देऊन ‘काही होत नाही’ म्हणतात. बंदूक घट्ट आवळू नका, दगडावर टेकवू नका. डावा तळवा उघडा ठेवून त्यावर ती नुसती विसावू द्या आणि दर वेळी तिला सारखीच उडू द्या.

कोकणातला पाऊस काचेचा शत्रू आहे, हे तुम्हाला सांगायला नको. रेक्झिनच्या कव्हरात, फोमला टेकवून जून ते सप्टेंबर बंदूक ठेवलीत तर काचेवर बुरशीची जाळी येते आणि ती पुसून जात नाही. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा, दाणे रंग बदलले की तापवून सुकवा. स्कोप काढला तर पुन्हा झिरो करावा लागेल, तेवढे वीस छर्रे जाऊ द्या.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी दोन गोष्टी लिहिल्याशिवाय राहवत नाही. चिऱ्याच्या गडग्यासमोर डबा ठेवू नका. शिशाचा छर्रा कठीण दगडावरून उलटतो. मागे जुन्या चिंध्या ठासून भरलेलं खोकं ठेवा, आणि जवळ उभ्या असणाऱ्या प्रत्येकाला चष्मा घालायला लावा. आणि स्कोप लागला की बंदूक झाडाकडे वळवायचा मोह होतो. आंब्यावर वानरं बसली, सुपारीवर पाखरं आली तरी ती तिकडे वळू देऊ नका. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा त्यांच्या बाजूनं उभा आहे. छऱ्यानं जनावर जागीच मरत नाही, जखम चिघळून दिवसेंदिवस तडफडतं. ते मी पाहिलं आहे आणि विसरू शकलेलो नाही.

आता नात. तिच्यासाठी हा स्कोप नाही, आणि हे मी आग्रहानं सांगतो. शालेय स्पर्धांत ओपन साइट (उघडी खाच आणि माशी) आणि पीप साइट (बारीक भोकातून बघायची) असे गट असतात, दुर्बीण कुठल्याही गटात चालत नाही. आंतरराष्ट्रीय १० मीटर एअर रायफलमध्येही नाही, आणि तिथला दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर असतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटरचं ऑलिंपिक कांस्य मिळवलं तेही दुर्बिणीशिवाय, पीप साइटच्या बारीक भोकातून बघत. तिच्या कोवळ्या डोळ्यांना खाच आणि माशी लख्ख दिसते, तुमची राहिली नाही ती ताकद तिच्याकडे आहे. आत्ता स्कोपची सवय लागली तर पुढे ती मोडायला सहा महिने जातील. तुमची बंदूकही तिला जड आणि दणकट पडेल. शाळेच्या क्रीडाशिक्षकांना विचारून जवळच्या रेंजवर न्या, तिथे शिकणाऱ्यांसाठी बंदुका असतात. पहिले काही महिने काहीही विकत घेऊ नका.

तो ६-२४×५० मात्र कुणाला विकू नका. दुसऱ्या स्प्रिंगवाल्याच्या गळ्यात तो पडायला नको. चित्र स्वच्छ आहे, दहा मीटरवर स्पष्ट दिसतं असं तुम्हीच लिहिलं आहे. कॅमेऱ्याच्या तिवईवर बसवा. नात सराव करेल तेव्हा तिच्या मागे खुर्ची टाकून बसा आणि छर्रा कुठे लागला ते तिला बघून सांगा. फुली हलली तरी त्या कामात काही बिघडत नाही.